संगणकातली रिकामी जागा आणि विकतची निळी खूण

माजी विद्यार्थी संघाने यंदा शाळेच्या संगणक प्रयोगशाळेसाठी सुमारे दीड लाख रुपये जमवून दिले आहेत. त्यांचे आभार आम्ही मागच्या अंकात मानलेच आहेत. हा पैसा कसा वापरावा याचा निर्णय पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. त्याआधी आमच्याकडे दोन सूचना आल्या आहेत. पहिली अशी की, मुलांना चित्रफितींचे संकलन आणि ॲनिमेशन शिकवण्यासाठी एक चांगला 'प्रोफेशनल' संगणक घ्यावा आणि तो सर्व काही आतच बसवलेला, बंद डब्यासारखा, दिसायला देखणा असा असावा. दुसरी सूचना अशी की, उरलेल्या पैशातून शाळेच्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील पानांसाठी महिना पैसे भरून निळी खूण घ्यावी, म्हणजे प्रवेशाच्या दिवसांत शाळा लोकांच्या नजरेत भरेल. दोन्ही सूचना शाळेवरच्या प्रेमापोटी आलेल्या आहेत यात शंका नाही. पहिली आम्हाला अर्धी पटते. दुसरी अजिबात पटत नाही. बैठकीत सर्वांना बोलायला वेळ मिळतोच असे नाही, म्हणून आमचे म्हणणे येथे मांडून ठेवतो.

आपल्या भागात संगणक आला तो उघडता येणाऱ्या खोक्याच्या रूपात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना, अकरावीच्या विद्यार्थ्यांना घरी संगणक देणारी 'सायबरएज' योजना गोव्यात सुरू झाली. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या कितीतरी घरांत पहिला संगणक आला तो या योजनेतून. त्यावर भरतकाम केलेले कापड घालून तो देवघराशेजारी ठेवलेला आमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. त्याच सुमारास वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत डी-लिंकच्या कारखान्यात मदरबोर्ड तयार होत होते, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. त्या खोक्याचे मागचे चार स्क्रू काढले की आतले सगळे दिसे. मेमरी कमी पडली तर एक पट्टी वाढवायची, हार्डडिस्क भरली तर दुसरी जोडायची. मदरबोर्डवर काही लांबट खाचा रिकाम्या असत. त्यांना स्लॉट म्हणतात. उद्या काय लागेल ते आज ठाऊक नसते, म्हणून ठेवलेली ती जागा. स्लॉटची जात काळाप्रमाणे बदलत गेली. १९९७ च्या सुमारास चित्रांसाठी खास 'एजीपी' आला, २००४ च्या सुमारास 'पीसीआय एक्स्प्रेस' आला आणि तोच सुधारत सुधारत आजवर चालला आहे.

या स्लॉटमध्ये बसणारी सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ते कशाला लागते हे पालकांनी समजून घेतले तर पुढचा मुद्दा सोपा होईल. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. साधारण चांगल्या प्रतीच्या चित्रफितीत आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला अशी २५ चित्रे धरली तर ५ कोटी १८ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा मोजक्या हुशार कामगारांसारखा असतो; कठीण काम एकामागून एक करण्यात तरबेज. ग्राफिक्स कार्डात मात्र साधे काम करणारे हजारो हात असतात आणि ते एकाच वेळी चालतात. शाळेच्या पटांगणात मोठी रांगोळी घालायची झाली तर चित्रकलेच्या शिक्षकांनी एकट्याने घालण्यापेक्षा त्यांनी चौकोन आखून द्यावेत आणि दोनशे मुलांनी एकेक चौकोन भरावा, तसाच हा प्रकार. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची गणितेही याच हातांकडून करून घेतात, त्यामुळे कार्डांना मागणी अफाट वाढली आहे.

आता बंद डब्याविषयी. ज्यांनी ही सूचना केली त्यांच्या डोळ्यांपुढे ॲपल कंपनीची यंत्रे आहेत, आणि त्या यंत्रांचाच इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. व्यावसायिकांसाठीचा 'मॅक प्रो' २००६ साली आला तेव्हा तो उघडता येणारा होता, आत स्लॉट होते. २०१३ साली कंपनीने त्याचे रूप पार बदलले. काळ्या नळकांड्यासारखे सुबक यंत्र, आत दोन ग्राफिक्स प्रोसेसर कायमचे बसवलेले. नवीन कार्ड घालायला जागा नाही. हवे तर बाहेरून तारेने जोडा. पुढे ग्राफिक्सचे तंत्र निराळ्या दिशेने गेले. दोन मध्यम प्रोसेसरांऐवजी एकच मोठा आणि जास्त तापणारा प्रोसेसर लोकांना हवा झाला आणि त्या नळकांड्यात तो मावेना. २०१७ च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी निवडक पत्रकारांना बोलावून, उष्णतेच्या हिशेबात आपण स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतले, अशा अर्थाची कबुली दिली. जगातल्या इतक्या श्रीमंत कंपनीला चार वर्षांपुढचे दिसले नाही, तर तालुक्यातल्या शाळेला ते कसे दिसावे?

२०१९ साली पुन्हा खोका आला. आठ स्लॉट, मोठमोठी ग्राफिक्स कार्डे बसण्याची सोय, मेमरी वाढवत दीड टेराबाईटपर्यंत नेण्याची मुभा. किंमत मात्र सुरुवातीलाच ५,९९९ डॉलर आणि खोक्याला चाके हवी असतील तर त्यांचे वेगळे ४०० डॉलर! आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्यामुळे अशा वेळी 'नौ की लकड़ी, नब्बे खर्च' ही म्हण तोंडात येते. असो. त्यानंतर जून २०२३ मध्ये कंपनीने स्वतःच्या चिपवर चालणारा नवा मॅक प्रो आणला. भारतातली किंमत ७,२९,९०० रुपयांपासून पुढे. खोका तोच उंचापुरा, आत सात स्लॉट, पण ग्राफिक्स कार्ड चालणार नाही! ध्वनीचे कार्ड, साठवणीचे कार्ड, नेटवर्कचे कार्ड चालेल. मेमरीही १९२ गिगाबाईटच्या पुढे नाही आणि ती विकत घेतानाच ठरवायची. तीच चिप असलेले 'मॅक स्टुडिओ' नावाचे छोटे बंद यंत्र तेव्हा अमेरिकेत तीन हजार डॉलरांनी स्वस्त मिळत होते. घर सात खोल्यांचे बांधायचे आणि ज्या पाहुण्यासाठी बांधले त्यालाच दारात अडवायचे, असा हा प्रकार झाला.

यामागे कंपनीचे तांत्रिक कारण आहे आणि ते खोटे नाही. या नव्या रचनेत मुख्य प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी एकमेकांना चिकटून बसवलेली असतात आणि मेमरी सर्वांची एकच असते. माहिती इकडून तिकडे वाहून न्यावी लागत नाही, त्यामुळे वेग मिळतो आणि विजेची बचत होते. बाहेरचे कार्ड म्हणजे वेगळी मेमरी, वेगळा संसार. तो या रचनेत बसत नाही. पुण्या-मुंबईत चित्रपटाच्या कामावर पोट असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्याने असे बंद यंत्र घेतले तर त्याचे काहीच चुकले नाही. चार वर्षांत तो त्याची किंमत वसूल करील आणि दुसरे घेईल. बंद यंत्र शांत असते, कमी तापते, वीज कमी खाते. पेडण्यात पावसाळ्यात दिवसातून किती वेळा वीज जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गुणाचे महत्त्व सांगायला नको.

परंतु शाळा चार वर्षांनी दुसरे यंत्र घेत नाही. शाळेत यंत्र आले की ते दहा वर्षे राबते. आपल्या प्रयोगशाळेतली काही यंत्रे त्याहूनही जुनी आहेत. त्यांत मेमरी वाढवली, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि ती अजून नववीच्या मुलांना पुरतात. जूनच्या ओलीत दरवर्षी दोन-तीन यंत्रे रुसतात. चालू केले की नुसती टीं-टीं करतात. मग आमचे संगणक शिक्षक मुलांना बोलावतात, खोका उघडतात, मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवायला लावतात आणि पट्टी परत बसवतात. दहातली आठ यंत्रे एवढ्याने सुरू होतात. पन्नास पैशांच्या खोडरबराने संगणक दुरुस्त झाला, हे पाहिलेल्या मुलाच्या मनातली यंत्राची भीती जी जाते ती कायमची. भजनाच्या पेटीचा एखादा सूर बसला तर आपले बुवा पेटी उघडून सूर साफ करतात, फार तर बदलतात. पेटी टाकून देत नाहीत. बंद डब्याच्या बाबतीत मुलांनी करायचे काय? तो म्हापशाला किंवा पणजीला नेऊन द्यायचा आणि फोनची वाट पाहायची.

भावांचेही पाहू. ग्राफिक्स कार्डांचे भाव मधल्या काळात असे भडकले होते की सामान्य माणसाने दुकानाकडे फिरकू नये. कारण होते 'मायनिंग'! डिचोलीच्या वाचकांना हा शब्द ऐकून वेगळेच काही आठवेल. आपल्याकडच्या खाणी २०१२ साली बंद झाल्या, मधे काही काळ चालल्या, २०१८ च्या मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात गंजत उभे होते. आणि नेमक्या त्याच वर्षांत जगात आभासी चलनाच्या 'खाणी' जोरात होत्या. त्यांत खनिजाच्या जागी गणिते खणत आणि कुदळीच्या जागी ग्राफिक्स कार्डे वापरत. हजारो कार्डे रात्रंदिवस त्यात जुंपली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इथेरियम' या चलनाने आपली पद्धत बदलली आणि एका दिवसात त्या कार्डांचे काम संपले. नंतर वापरलेली कार्डे बाजारात स्वस्तात आली. ज्यांच्या खोक्यात स्लॉट रिकामा होता त्यांना त्याचा लाभ झाला. मेमरीचे आता उलट झाले आहे. २०२५ च्या अखेरीपासून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यामुळे, तिचे भाव झपाट्याने चढले. अशा वेळी आज गरजेपुरती घ्यावी आणि भाव उतरले की वाढवावी, हा मार्ग फक्त उघडता येणाऱ्या यंत्रातच मोकळा राहतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रोफेशनल दर्जाचा संगणक जरूर घ्यावा, पण खोका घ्यावा. मुख्य प्रोसेसर चांगला आणि अंगचे ग्राफिक्स असलेला घ्यावा. पहिले वर्षभर शिकायला तेवढे पुरते. ग्राफिक्स कार्ड आज घेतलेच पाहिजे असे नाही, पण त्याची जागा, म्हणजे पूर्ण लांबीचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट आणि ऐसपैस कॅबिनेट, आज असली पाहिजे. विजेच्या पुरवठ्याचा भाग, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, त्यात काटकसर करू नये. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, मोठ्या कार्डाला त्याच्या कितीतरी पट लागतात आणि ते एसएमपीएसमधून वेगळ्या तारेने द्यावे लागतात. स्वस्त कोटेशनमध्ये कात्री लागते ती नेमकी येथेच. सध्याचा यूपीएस मोठे कार्ड आल्यावर तग धरणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. तो खर्च पुढे येणार आहे. काम शिकवण्यासाठी लागणारा 'ब्लेंडर' फुकट आहे, 'दा विंची रिझॉल्व्ह'चीही फुकट आवृत्ती मिळते. कार्ड चांगले असेल तर दोन्ही मनासारखे पळतात. गेल्या वर्षी मुलांनी गावच्या जत्रेतल्या दशावतारी काल्याचे चित्रण केले होते. ते संकलित करताना यंत्र इतके अडखळत होते की संकासुराचा नाच मुलांना तुकड्यातुकड्याने पाहावा लागला. असे काम नीट व्हावे एवढीच आमची अपेक्षा आहे.

आता निळ्या खुणेकडे येतो. ट्विटरने ही खूण २००९ साली सुरू केली तेव्हा तिचा अर्थ सरळ होता. हे खाते त्याच माणसाचे किंवा संस्थेचे आहे, एवढे सांगणारी ती खूण होती आणि तिला पैसे पडत नसत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती कंपनी इलॉन मस्क यांच्याकडे गेली आणि पुढच्याच महिन्यात आठ डॉलरला खूण मिळू लागली. लगेच कोणी तरी इन्सुलिन बनवणाऱ्या 'एली लिली' या अमेरिकन कंपनीच्या नावाने खाते काढले, पैसे भरून खूण घेतली आणि यापुढे इन्सुलिन फुकट, असे जाहीर केले! खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. भारतात ही सेवा फेब्रुवारी २०२३ मध्ये आली, मोबाईलवरून महिन्याला ९०० रुपये. त्याच एप्रिलमध्ये जुन्या फुकटच्या खुणा काढून टाकल्या, तेव्हा अमिताभ बच्चन, सचिन तेंडुलकर यांच्याही गेल्या. बच्चन यांनी त्यावर आपल्या खास गावरान बोलीत केलेली विनवणी पुष्कळांना आठवत असेल. हे दर नंतर खाली आले, पण जिच्या अर्थाची ग्वाही राहिली नाही ती खूण स्वस्तात घेऊनही काय करायचे? युरोपीय संघाने डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीला जो १२ कोटी युरोंचा दंड केला, त्याच्या कारणांत ही पैसे घेऊन दिलेली, लोकांची दिशाभूल करणारी खूणही होती.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या 'मेटा' कंपनीने जून २०२३ मध्ये भारतात अशीच सेवा आणली, मोबाईलवर महिना ६९९ रुपयांनी. तेथे सरकारी ओळखपत्र तपासले जाते, हे मान्य करायला हवे. पण हिशेब करा. ६९९ गुणिले १२ म्हणजे वर्षाला ८,३८८ रुपये, आणि हा दर एका व्यक्तीचा. संस्थांचे दर वेगळे असतात. ट्विटरने, म्हणजे आताच्या 'एक्स'ने, संस्थांसाठी जी सोनेरी खूण काढली तिला महिन्याला ८०,००० रुपयांहून अधिक मागितले होते! आणि इतके भरून हाती काय येते? ज्या महिन्यात हप्ता चुकला त्या महिन्यात खूण गेली. पाच वर्षे पैसे भरले तरी सहाव्या वर्षी शाळेच्या कपाटात काही उरत नाही. स्लॉटमध्ये बसवलेले कार्ड जुने झाले तरी आपले असते. ते काढून दुसऱ्या यंत्रात घालता येते, बिघडले तर मुलांना उघडून दाखवता येते.

प्रवेशाची काळजी आम्हालाही आहे, कदाचित सूचना करणाऱ्यांपेक्षा थोडी अधिकच. गोव्यात २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचे ठरले. त्याआधीपासूनच मराठी प्राथमिक शाळांचा पट उतरत होता, तो पुढेही उतरत राहिला. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या शाळा एकेक करून मिटल्या आणि त्यांतून येणारी मुले आपल्याकडे येईनाशी झाली. अशा वेळी 'आम्ही आहोत' असे मोठ्याने ओरडावेसे वाटणे साहजिक आहे. पण प्रवेशासाठी येणारे पालक आम्हाला काय विचारतात? बालरथ आमच्या वाड्यापर्यंत येतो का? इंग्रजी आणि गणित कोण शिकवते? मोपाच्या विमानतळावर नोकरी लागेल असे काही शिकवता का? शाळेच्या पानाला निळी खूण आहे का, असे आजवर एकाही आईने विचारलेले नाही. ज्यांना शाळा माहीत आहे त्यांना खुणेची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाही ते पेडणे-डिचोलीबाहेरचे. ते मूल घेऊन इथवर येणार नाहीत.

प्रवेशाच्या पंधरवड्यात एखादी जाहिरात पैसे देऊन फेसबुकवर दाखवावी, असे कोणी म्हटले तर आमची हरकत नाही. वर्तमानपत्रात आपण देतोच. ती जाहिरात आहे हे वाचणाऱ्याला कळते आणि खर्च एकदाच होतो.

आणखी एक बाब पालकांच्या कानावर घालायची आहे. मेटाच्या या सेवेसाठी वय अठरा पूर्ण लागते. तरी आपल्या वरच्या वर्गांतल्या काही मुलांच्या खात्यांवर ही खूण दिसते, म्हणजे कोणाचे तरी ओळखपत्र आणि कोणाचा तरी यूपीआय त्यामागे आहे. दर महिन्याला आपोआप कापली जाणारी रक्कम आपल्या खात्यातून जात नाही ना, हे एकदा तपासून पाहावे. मुलाला विचारावे, पण रागावून नव्हे. शाळेनेच जर खूण विकत घेतली, तर त्या मुलाला आम्ही कोणत्या तोंडाने काही सांगणार?

बैठक चतुर्थीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी सकाळी दहा वाजता सभागृहात होईल. तीन दुकानांची कोटेशने आलेली आहेत, ती कार्यालयात पाहायला मिळतील. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे वापरात नसलेले पण चालू ग्राफिक्स कार्ड असेल त्यांनी ते सुट्टीत गावी येताना बरोबर आणावे. जुने चालेल. फक्त कार्डाची लांबी आणि त्याला किती वॉट लागतात हे आधी संगणक शिक्षकांना कळवावे, म्हणजे कॅबिनेट आणि एसएमपीएस त्या मापाचे मागवता येईल.